रानातला पाला, दलदलीतला गाळ आणि कार्व्हरचे टोमॅटो



टोमॅटोची लागण करायची म्हटलं की रोपाच्याही आधी आपल्याला खत आठवतं. शेणखताची ट्रॉली कुठं मिळेल, पेंडीचं पोतं कितीला पडेल, कोंबडीखत टाकावं की नको, पारावर याचीच चर्चा. कोणी निंबोळी पेंड टाकायला सांगतं. ती मिळाली नाही तर तिच्या जागी काय टाकायचं, किती टाकायचं, हे मात्र नीट सांगणारा भेटत नाही. मग समोर येईल ते पोतं उधारीवर घरी येतं. फळ लागेपर्यंत टोमॅटोचा भाव पडतो आणि पोत्याची उधारी तेवढी उभी राहते.

आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेलं म्हटलं तरी चालेल. विकतचं खत परवडत नाही, तर त्याच्या जागी काय? या माणसाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. नाव तुम्हाला नवीन नाही. वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आलं आणि हा अमेरिकेतला काळा शास्त्रज्ञ मराठी घरातला माणूस होऊन गेला. पण पुस्तक वाचून झालं की बहुतेकांच्या डोक्यात भुईमूग तेवढा राहतो. या माणसानं १९१८ साली टोमॅटोवरही एक पुस्तिका काढली होती आणि त्याच्याही कितीतरी आधी रानातल्या पाल्यावर आणि गाळावर नापीक जमीन उभी केली होती, ही बाजू मागं पडते. आपल्या कामाची बाजू मात्र तीच आहे.

घोड्याच्या बदल्यात परत आलेलं पोर

कार्व्हरचा जन्म अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या डायमंड या खेड्याजवळचा. साल साधारण १८६४. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहिणार? त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीची गुलाम होती. यादवी युद्धाच्या धामधुमीत दरोडेखोरांनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेलं. मोझेसनं माणूस पाठवून शोध घेतला. पोर मिळालं, आई कधीच मिळाली नाही. पोर परत आणणाऱ्याला बक्षीस म्हणून मोझेसनं एक घोडा दिला, असं सांगतात.

गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि त्याची बायको सुसान यांनी जॉर्जला आणि त्याच्या थोरल्या भावाला पोरासारखं सांभाळलं. जॉर्ज अंगानं अशक्त होता. नांगराचं काम त्याला झेपायचं नाही, म्हणून तो सुसानच्या हाताखाली स्वयंपाक, धुणं, शिवण शिकला. उरलेल्या वेळात तो रानात असायचा. झाडाझुडपांत त्यानं आपली छोटी बाग लपवून लावली होती. शेजारपाजारचे लोक रोगट रोपं त्याच्याकडं आणायचे आणि पोर ती बरी करून द्यायचं.

गावातल्या शाळेत काळ्या पोरांना जागा नव्हती. म्हणून जॉर्ज कोवळ्या वयात निओशो या गावी गेला. तिथून पुढं कॅन्सस. लोकांचे कपडे धुऊन पोट भरायचं आणि शाळा शिकायची, असं बरीच वर्षं चाललं. एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला, पण हा दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग बघून परत पाठवलं. काही काळ त्यानं कॅन्ससच्या माळावर मातीच्या ढेकळांचं घर बांधून शेतीही करून पाहिली.

१८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्प्सन कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, तो चित्रकलेसाठी. तिथल्या शिक्षिकेनं त्याची फुलापानांची चित्रं बघितली आणि त्याला शेतकी शिकायला धाडलं. १८९१ मध्ये तो एम्सच्या शेतकी कॉलेजात गेला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. १८९४ साली पदवी, १८९६ साली वरची पदवी. पिकांवरच्या बुरशीचा त्याचा अभ्यास इतका पक्का होता की कॉलेजनं त्याला तिथंच नोकरी दिली होती. आयुष्य आता सुखात जायला हरकत नव्हती.

पण दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं. टस्कीगी गावात काळ्या मुलांसाठी त्यांनी संस्था काढली होती आणि तिथं शेतकी शिकवायला माणूस हवा होता. १८९६ च्या ऑक्टोबरात कार्व्हर टस्कीगीला उतरला. पुढची सेहेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो तिथंच राहिला.

कापसानं खाल्लेली जमीन

मंडळी, आता तिथली परिस्थिती बघा, आणि आपल्याकडं काही ओळखीचं दिसतं का ते तुम्हीच ठरवा.

वर्षानुवर्षं कापसावर कापूस. जमीन हलकी, वाळूमिश्रित, पावसानं धुऊन घळी पडलेल्या. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. काळी कुटुंबं बटाईनं कसायची. बियाणं, खत, पोटाला मका, सगळं उधारीवर आणि तारण म्हणजे शेतात उभं असलेलं पीक. पीक निघालं की आधी सावकाराचा आणि मालकाचा हिस्सा, उरलं तर आपलं. उरायचं नाहीच. मालकाला कापूसच हवा असायचा, म्हणून घराच्या दारापर्यंत कापूस. भाजीचा एक वाफा नाही. खायला मका, खारवलेलं चरबट मांस आणि काकवी. अशा खाण्यानं पेलाग्रा नावाचा रोग त्या भागात पुढं फार फोफावला.

जमीन थकली म्हणून लोक पोत्यातलं खत आणायचे. तिकडं त्याला सरसकट ग्वानो म्हणत. ते टाकलं की एक हंगाम बरा जायचा. पण जमिनीत सेंद्रिय अंश नसल्यानं पाऊस आला की खत वाहून जायचं आणि कर्ज शिल्लक राहायचं.

कार्व्हरला संस्थेनं दिलेली जमीन याच जातीची होती. १८९७ मध्ये तिथं प्रयोग केंद्र मंजूर झालं. त्यासाठी सरकारकडून वर्षाला मिळायचे अवघे दीड हजार डॉलर. प्रयोगशाळा नव्हतीच. त्यानं मुलांना घेऊन उकिरडा धुंडाळला. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, डबे गोळा केले आणि त्यावरच काम सुरू केलं.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. कार्व्हर रासायनिक खताचा वैरी नव्हता. सुरुवातीला त्यानं विकतच्या खतांचेही प्रयोग केले. पण आपल्या प्रयोगाचा निकाल कितीही चांगला आला तरी बटाईनं कसणाऱ्या माणसाला ते पोतं घेता येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं प्रश्नच बदलला. सगळ्यात जास्त पीक कशानं येतं हे विचारणं सोडलं. या माणसाला पैसा न टाकता काय मिळू शकतं, हे तो विचारू लागला.

उत्तर डोळ्यांसमोर पडलं होतं. रानात पाल्याचा खच, ओढ्याकाठच्या दलदलीत काळा कुजका गाळ, गोठ्यात शेण. पाला आणि गाळ थर देऊन रचायचा, वर शेणाचा थर, पुन्हा पाला, पुन्हा शेण. ढिगाला वरून उतार द्यायचा किंवा साधं छप्पर करायचं, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर सत्त्व वाहून जाणार नाही. कुजलं की शेतात. जोडीला खोल नांगरट आणि कापसानंतर चवळी, कारण चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. मग रताळी, मग पुन्हा कापूस. काही वर्षांत त्या टाकाऊ रानात लोकांनी येऊन बघावं असं पीक उभं राहिलं. १९०५ साली त्यानं झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्यात यावर पुस्तिका काढली. अशा चाळीसच्या वर पुस्तिका त्यानं आयुष्यात काढल्या, साध्या भाषेत, स्वस्तात.

वाचता न येणाऱ्यांसाठी १९०६ साली घोड्याची गाडी निघाली. अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं गाडीत घालून गावोगाव दाखवायचं. जेसप नावाच्या दानशूर माणसानं पैसा दिला, म्हणून ती जेसप गाडी. शेतकऱ्यानं शाळेत यायचं नाही, शाळेनं बांधावर जायचं, ही रीत तिथं अशी रुजली.

परसातला टोमॅटो

१९१८ च्या एप्रिलमध्ये टोमॅटोची पुस्तिका आली. टोमॅटो कसा लावावा आणि त्याचे खाण्याचे ११५ प्रकार कसे करावेत, अशी ती दुहेरी होती. पहिलं महायुद्ध चालू होतं, धान्य महाग होतं. पण कार्व्हरच्या मनात नुसतं युद्ध नव्हतं. मका आणि काकवीवर जगणाऱ्या घरात काहीतरी हिरवं-लाल शिजावं, दाराशी चार झाडं असावीत आणि उन्हाळ्यात आलेला माल वाळवून, मुरवून हिवाळ्याला पुरावा, हा हिशोब होता. टोमॅटो त्यानं बाजारासाठी सांगितला त्यापेक्षा ताटासाठी जास्त सांगितला. एवढ्या थोड्या जागेला पुरेल इतकं खत कोणाच्याही अंगणात तयार होतं, ही गोष्ट ओघानं आलीच.

पुढची कीर्ती तुम्हाला माहीत आहे. कापसाच्या बोंडावरच्या भुंगेऱ्यानं दक्षिण उद्ध्वस्त केली, लोक भुईमुगाकडं वळले, आणि जानेवारी १९२१ मध्ये कार्व्हर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढं भुईमुगाचे पदार्थ घेऊन उभा राहिला. आधी त्याला दहाच मिनिटं दिली होती, पण तो बोलायला लागल्यावर सभासदांनी घड्याळ बाजूला ठेवलं. त्यानंतर मात्र लोकांनी त्याला भुईमुगाचा जादूगार करून टाकलं. पीनट बटर त्यानं शोधलं असं अजून लोक सांगतात, ते खरं नाही. त्याच्या शेकडो पदार्थांतले फारच थोडे बाजारात टिकले. त्याचं मोठं काम मातीत होतं, आणि मातीची बातमी होत नाही.

माणूस म्हणून त्याच्यात उणिवाही होत्या. कारभार त्याला जमायचा नाही. संस्थेच्या कोंबड्यांचा हिशोब लागेना म्हणून वॉशिंग्टन यांच्याशी त्याचे खटके उडत, आणि त्यानं कितीदा तरी राजीनाम्याची धमकी दिली. पैशाच्या बाबतीत मात्र तो वेगळाच. पगारवाढ त्यानं मागितली नाही. आयुष्यभर साठलेले साठ हजारांवर डॉलर त्यानं संशोधनाच्या संस्थेला देऊन टाकले. ५ जानेवारी १९४३ रोजी तो गेला. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्याला पुरलं आहे. त्याच वर्षी त्याच्या जन्मगावी राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. काळ्या माणसाच्या नावे असं स्मारक अमेरिकेत पहिल्यांदाच होत होतं.

नक्कल कशाची करायची?

आता आपल्या रानात या. कार्व्हरनं गाळ टाकला म्हणून आपणही गाळ टाकायचा का? नुसती अशी नक्कल केली तर फसाल. त्याची माती वाळूची, आम्लधर्मी. आपल्या देशावरची काळी, चुनखडीची, अल्कधर्मी. घ्यायची ती त्याची रीत. आधी हाताशी काय आहे ते बघायचं, मग त्यात काय आहे ते ओळखायचं, आणि मग आपल्या मातीला चालेल का ते विचारायचं.

एका खताच्या जागी दुसरं घालताना पोत्याला पोतं असा हिशोब कधीच करू नका. भुईमुगाच्या पेंडीत साधारण ७ टक्के नत्र, निंबोळी पेंडीत ५, कुजलेल्या कोंबडीखतात ३ आणि शेणखतात अर्धा टक्का. म्हणजे १०० किलो भुईमूग पेंडीचा नत्र हवा असेल तर निंबोळी पेंड १४० किलो, कोंबडीखत सव्वादोनशे ते अडीचशे किलो आणि शेणखत तब्बल १४०० किलो लागेल. त्यातही शेणखतातला नत्र पहिल्या पिकाला साधारण तिसरा हिस्साच मिळतो, बाकीचा पुढच्या पिकांना. म्हणून एकरी ८ ते १० टन शेणखत घालायला सांगतात ते उगाच नाही. पण शेणखत जमिनीचा पोत सुधारतं, ओल धरतं. ते काम पेंड करत नाही. तेव्हा पेंड ही शेणखताची जोडीदार आहे, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

शेणखत कमी पडतंय? मग लागणीच्या आधी ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्यावर येताच, दीड महिन्याच्या सुमाराला, गाडून टाका. कुजायला दोन-तीन आठवडे द्या आणि मगच रोपं लावा. कार्व्हरच्या चवळीचं हे आपलं रूप. मेंढरं बसवली असतील तर लेंडीखत उत्तमच, त्यात पालाशही चांगला असतो. कोंबडीखत कधीही ताजं टाकू नका, मुळं पोळतात. आणि ते जास्त झालं तर झाड पाल्यावर जातं, हिरवंगार दिसतं आणि फुलं गळतात. कच्चं शेणखत म्हणजे हुमणी आणि वाळवीला आवतण.

टोमॅटोला फळं पोसताना पालाश भरपूर लागतो. राखेत तो असतो. कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीत राख बेतानं चालते, पण देशावरच्या काळ्या रानात राख ओतली तर आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी बिघडते. हाडांच्या चुऱ्याचंही तसंच. आम्ल जमिनीत तो हळूहळू विरघळून स्फुरद देतो, चुनखडीच्या जमिनीत तसाच पडून राहतो. तिथं चांगलं कुजलेलं शेणखत आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू हा मार्ग बरा. आणखी एक. फळाचं बूड काळं पडलं की लोक चुन्याचं काहीतरी घालायला धावतात. चुना आपल्या काळ्या मातीत बहुधा असतोच. पाणी एकदा तुंबवून आणि एकदा ताण देऊन दिलं की तो फळापर्यंत पोचत नाही. तेव्हा आधी पाण्याची पाळी सुधारा. वर्षाआड माती तपासून घेतलीत तर यातली निम्मी चूक आपोआप टळेल.

दुसऱ्याच्या रानातलं खत

शेवटी कार्व्हरच्या गोष्टीतला एक सल सांगतो. त्याचं शास्त्र खरं होतं, तरी हजारो बटाईदारांचं दैन्य त्यानं हटलं नाही. का? पाल्या-गाळाचं खत जमीन सुधारतं, पण हळूहळू, तीन-चार वर्षांत. आणि बटाईदाराला पुढच्या वर्षी तेच रान मिळेल याची खात्री नसायची. मग दुसऱ्याची जमीन कोण सुधारणार? सुधारलीच तर फायदा मालकाचा. कार्व्हरकडं खताचं उत्तर होतं. जमिनीच्या मालकीचं उत्तर त्याच्या हातात नव्हतं.

आपल्याकडंही टोमॅटो करणारे कितीतरी जण खंडानं किंवा बटाईनं रान घेतात. त्यांना दहा टन शेणखत टाका म्हणून सांगणं म्हणजे वाऱ्यावर वरात. एका हंगामाचं रान असेल तर लवकर लागू पडणारं, म्हणजे भुईमूग किंवा निंबोळी पेंड बारीक करून थोडी लागणीआधी आणि थोडी भर लावताना, ओलीवर द्या. खंड ठरवतानाच तीन-चार वर्षांचा करार मागा. मालकांनीही विचार करावा. रान दर वर्षी नव्या माणसाला दिलं तर दर वर्षी ते थोडं थोडं उपसलंच जाणार. आणि स्वतःची जमीन असेल तर मात्र सबब चालायची नाही. तिथं शेणखत, ताग आणि पालापाचोळाच आधी.

तेव्हा मंडळी, या हंगामात दुकानाची पायरी चढण्याआधी एक फेरी आपल्याच घरामागून मारा. गोठा, उकिरडा, बांधावरचा पाला, तळ्याचा गाळ. काय आहे, किती आहे, किती कुजलंय, एवढं वहीत लिहा. कमी पडेल तेवढंच विकत आणा, आणि तेही हिशोबानं. उसाचं पाचट, रानातला पाला पेटवायला काडी काढाल, तेव्हा उकिरड्यातल्या बाटल्यांवर प्रयोगशाळा उभी करणारा तो अशक्त माणूस आठवा आणि काडी खिशात ठेवा.